आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह

प्रश्न : माझा गट ए निगेटिव्ह, नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह. चौथ्या महिन्यात गर्भपात झाला, तेव्हा अँटी-डीचं इंजेक्शन दिलं गेलं नाही. आता पुन्हा दिवस गेलेत. धोका आहे का?

उत्तर : असू शकतो. पॉझिटिव्ह रक्तपेशींवर डी (आरएच) हा घटक असतो, निगेटिव्ह पेशींवर नसतो. बाळाच्या पॉझिटिव्ह पेशी आईच्या रक्तात मिसळल्या की तिचं शरीर डी-विरोधी प्रतिपिंडं बनवू शकतं, आणि ती पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या रक्तपेशी नष्ट करतात. अँटी-डी इंजेक्शन म्हणजे तयार प्रतिपिंडं, ती टोचली की आईचं शरीर स्वतःची बनवत नाही. म्हणून आधी इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी करून घ्या. ती निगेटिव्ह आली तर तुमच्या रक्तात डी-विरोधी प्रतिपिंडं सापडलेली नाहीत. २८व्या आठवड्यात ती पुन्हा करायची आणि मग ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डी घ्यायचं. रक्त आधी, इंजेक्शन नंतर. उलट केलं तर टोचलेली प्रतिपिंडंच चाचणीत दिसतात आणि विनाकारण घबराट होते. बाळंतपणात नाळेतल्या रक्तावरून बाळाचा गट तपासतात. तो पॉझिटिव्ह निघाला तर ७२ तासांच्या आत दुसरा डोस. चाचणी आताच पॉझिटिव्ह आली आणि ती प्रतिपिंडं डी-विरोधीच असली, तर मात्र इंजेक्शनचा उपयोग नाही. मग प्रतिपिंडांची पातळी मोजत राहायचं आणि ती वाढली तर डॉप्लर सोनोग्राफीने बाळाला रक्तक्षय होतोय का, यावर लक्ष ठेवायचं. गर्भपातानंतरचं इंजेक्शन राहून जाणं ही फार महागात पडणारी चूक आहे. डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

प्रश्न : पूर्वी अशी बाळं दगावत, तर निगेटिव्ह गट संपला कसा नाही?

उत्तर : १९४२ साली जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी हाच पेच मांडला. दगावणाऱ्या बाळाकडे आईकडून आलेलं एक निगेटिव्ह जनुक असतं आणि वडिलांकडून आलेलं एक पॉझिटिव्ह. म्हणजे प्रत्येक मृत्यूत दोन्हींचं एकेक जातं. भारतात सुमारे ५ टक्के लोक निगेटिव्ह. निगेटिव्ह व्हायला आई-वडील दोघांकडून निगेटिव्ह जनुक यावं लागतं, म्हणून त्याचं वर्गमूळ काढलं की जनुकाचं प्रमाण येतं सुमारे २२ टक्के. १०० जनुकांत ७८ पॉझिटिव्ह, २२ निगेटिव्ह. दोन्हींतली दहा-दहा गेली तर उरतात ६८ आणि १२, आणि २२ टक्क्यांचे १५ होतात. जे आधीच कमी, तेच जास्त झिजतं. युरोपात निगेटिव्ह लोक १५ टक्क्यांच्या आसपास, स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांत त्याहून कितीतरी जास्त. म्हणून हाल्डेन यांचा तर्क असा की युरोपीय समाज दोन वेगळ्या लोकसमूहांच्या मिश्रणातून झाला असावा, आणि झीज पुरी व्हायला वेळच मिळालेला नाही.

शिवाय ही झीज मंद आहे. पहिलं बाळ बहुधा सुटतं. आई-बाळाचा एबीओ गट जुळत नसेल, तर आईच्या रक्तात शिरलेल्या बाळाच्या पेशी तिची आधीपासूनची ए- किंवा बी-विरोधी प्रतिपिंडं लगेच नष्ट करतात, डी-विरोधी बनायला वेळच मिळत नाही. इंजेक्शन नसलेल्या काळात गट जुळणाऱ्या गर्भारपणानंतर सुमारे १६ टक्के आयांत डी-विरोधी प्रतिपिंडं तयार होत, न जुळणाऱ्यांत सुमारे २ टक्के. (पहिल्या प्रश्नातल्या ताईंनी यावर विसंबून इंजेक्शन टाळू नये.) आणखी एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते : मूल गेलेलं जोडपं पुन्हा मूल होऊ देतं. वडिलांकडे दोन्ही जनुकं असतील तर निम्मी मुलं निगेटिव्ह, आणि ती सुखरूप जगतात. गमावलेलं निगेटिव्ह जनुक असं भरून निघतं.

प्रश्न : आई ओ, मूल एबी. रिपोर्ट चुकला का?

उत्तर : आधी दोघांचे नमुने पुन्हा तपासा. तरी तेच आलं तर आईचा ‘बॉम्बे’ गट असू शकतो. डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईत तो १९५२ साली नोंदवला. ए आणि बी हे घटक पेशीवरच्या ‘एच’ या घटकावर रचले जातात. बॉम्बे गटात हा पायाच नसतो, म्हणून ए किंवा बी जनुक असूनही ते दिसत नाही. वडिलांकडून एच मिळालेल्या मुलात दिसतं. चाचणीत अँटी-एच (एच-विरोधी द्रव) लावल्यावर खऱ्या ओ पेशींच्या गुठळ्या होतात, बॉम्बेच्या होत नाहीत. तसं निघालं तर ब्लड बँकेत नोंद करून कार्ड जवळ ठेवा : या बाईंना साधं ओ रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बेच.