टिटवी पोट का भिजवते?

प्रश्न : रानात टिटवीची चार अंडी आहेत. ऐन दुपारी ती शेततळ्याच्या कडेला पोट भिजवते आणि तशीच ओली अंड्यांवर येते. अंडी गारठून वाया जातील का? कुळवणी करायची आहे, तर ती बांधावर उचलून ठेवू का?
— शेतकरी, मोहोळ

उत्तर : गारठ्याची काळजी सोडा, धोका उन्हाचा आहे. अंड्यातल्या जिवाला साधारण ३७-३८ अंश मानवतात. मे महिन्यात आपल्याकडे हवाच ४२-४३ वर जाते, उघडी काळी माती तर ५० च्याही पुढे तापते. पोटाच्या पिसांतून आणलेलं पाणी सुकताना अंड्यांची उष्णता ओढून घेतं. नीट पाहा : सकाळी टिटवी अंड्यांवर बसलेली असते, उन्हं चढली की पाय ताठ करून, पंख जरा सैल सोडून वर उभी राहते, म्हणजे सावली धरते. नर-मादी आळीपाळीने हे काम करतात.

म्हणूनच दुपारी जवळ जाऊ नका. तुम्ही फोटो काढत उभे, ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालतेय, आणि अंडी तेवढा वेळ उघडी भाजतात. अंडी हलवूही नका. जागा बदलली की बहुधा ती सोडून देते. चहूबाजूंनी चार-पाच फूट जागा सोडून काड्या रोवा. काड्यांना फडकी बांधू नका, कुत्र्या-कावळ्यांना आयता पत्ता मिळतो. कुळवणी सकाळी लवकर करा, अंड्यांपाशी थांबू नका. उबवण २८ ते ३० दिवसांची असते. तेवढा तुकडा तोवर पडीक राहिला तर फार काही बिघडत नाही.

प्रश्न : गच्चीवर टिटवीची अंडी आहेत. पिल्लांना काय खाऊ घालावं?
— जुळे सोलापूर

उत्तर : काहीच नाही. टिटवी पिल्लांना भरवत नाही. अंगावरची लव सुकली की ती चालू लागतात आणि स्वतःच किडे टिपतात. अडचण गच्चीची आहे : किडे नाहीत, कठडा ओलांडता येत नाही. पावसाच्या पाइपांच्या तोंडांना आधीच जाळी लावा. परळात इंचभरच पाणी ठेवा, त्यात खडे टाका, नाहीतर पिल्लू बुडतं. सगळी पिल्लं बाहेर येऊन सुकली की सकाळी खोक्यातून खाली जवळच्या मोकळ्या जागेत, झुडपाच्या सावलीला सोडा. आई-बाप ओरडत मागे येतात. ते दिसले की तुम्ही लांब व्हा.

प्रश्न : कावळे, साळुंक्या दुपारी चोच वासून बसतात. आजारी असतात का?
— होटगी रोड

उत्तर : नाही. पक्ष्यांना घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून अंग गार करतात. संध्याकाळी ऊन उतरल्यावरही पिसं फुलवून, डोळे मिटून बसलेला पक्षी मात्र आजारी समजा. त्याच्या चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेल्या खोक्यात घालून सावलीत ठेवा आणि पशुवैद्यांना दाखवा.