हळकुंड मोडून पाहावे : क्रॉसओव्हर फायटिंग गेमविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या वेळी या सदरात ‘मार्व्हल विरुद्ध कॅपकॉम : इन्फिनिट’ या २०१७ च्या क्रॉसओव्हर गेमचा, म्हणजे मार्व्हल कॉमिक्समधील आणि गेम-कंपनी कॅपकॉमच्या पात्रांना एकमेकांशी लढवणाऱ्या गेमचा, ओझरता उल्लेख झाला आणि त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न (विटा) : या गेममधील लढतीची समीक्षकांनी स्तुती केली होती. मग तो ‘पडला’ असे सगळे का म्हणतात?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपल्या सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होताना जाणता खरेदीदार पॉलिश केलेल्या हळकुंडाच्या चकाकीवर थांबत नाही. तो ते मोडतो आणि आतला रंग पाहतो. ‘इन्फिनिट’चा आतला रंग उत्तम होता. दोन-दोन पात्रांच्या या लढतीत पहिल्या पात्राची लाथ अर्ध्यावर असतानाच बटण दाबले, तर जोडीदार मैदानात उतरतो, पहिला आपला वार पुरा करून बाहेर जातो आणि त्या दोन वारांच्या फटीत प्रतिस्पर्धी सापडतो. शिवाय लढतीपूर्वी सहा इन्फिनिटी स्टोनपैकी, म्हणजे वेगवेगळी शक्ती देणाऱ्या खड्यांपैकी, एक निवडायचा असतो. स्पेस स्टोनने दूर उभा असलेला प्रतिस्पर्धी ओढून जवळ आणता येतो आणि पुरेशी शक्ती साठल्यावर त्याला चौकटीत कोंडता येते. एवढ्या एका निवडीने संघाची सारी चाल बदलते.

परंतु पॉलिश खरोखरच वाईट होते. प्रकाशनापूर्वीच्या डेमोमध्ये कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर’ मालिकेतील चुन-लीचा चेहरा इतका विचित्र दिसला की त्यावर विनोदांचा पाऊस पडला. कॅपकॉमने तो पुढे सुधारला, पण पहिली छाप पुसली गेली नाही. विक्रीही कंपनीच्या अपेक्षेइतकी झाली नाही. माझे मत विचाराल तर समीक्षकांनी रूपावर टीका केली हे योग्यच होते. मात्र अनेकांनी आतल्या रंगाची दखल एका परिच्छेदात उरकली, हे अयोग्य होते.

प्रश्न (मिरज) : ‘इन्फिनिट’मध्ये एक्स-मेन हे मार्व्हलचे सुपरहिरो नाहीत म्हणून गेमला नावे ठेवणे न्यायाचे आहे का? जे पात्र नाहीच, त्याचे परीक्षण कसे करायचे?

प्रश्न मार्मिक आहे. या मालिकेचे मूळच १९९६ च्या ‘एक्स-मेन विरुद्ध स्ट्रीट फायटर’मध्ये आहे आणि २००० साली आलेल्या दुसऱ्या ‘मार्व्हल विरुद्ध कॅपकॉम’मध्ये ५६ पात्रे होती, त्यांत मॅग्नेटो, स्टॉर्म आणि सेंटिनेल हे स्पर्धांतील हुकमी एक्के. २०१७ मध्ये एक्स-मेनच्या चित्रपटांचे हक्क फॉक्स या चित्रपट कंपनीकडे होते (मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेने फॉक्सची खरेदी पूर्ण केली ती मार्च २०१९ मध्ये) आणि चाहत्यांनी पात्रांच्या अनुपस्थितीचा संबंध त्याच्याशी जोडला. त्यातच कॅपकॉमच्या प्रतिनिधीने असा युक्तिवाद केला, की खेळाडूला पात्र आवडते ते त्याच्या हालचालींमुळे. तशाच हालचाली दुसऱ्या पात्राला दिल्या म्हणजे झाले.

विष्णुदास भावे यांच्या नाट्यपंढरीत हा युक्तिवाद कोण मान्य करील? पदे तीच, चालीही त्याच. पण जाहिरातीत ज्याचे नाव वाचून तिकीट काढले तो नट ऐन वेळी बदलला, तर प्रेक्षक खुर्चीत चुळबुळणारच. क्रॉसओव्हर हा प्रकार मुळात भेटीगाठींच्या आश्वासनावर उभा असल्याने कोण आले नाही, हेही समीक्षेत यायलाच हवे. मात्र त्याने लढतीचे मोल कमी होत नाही, हेही त्याच लेखात सांगितले पाहिजे.

प्रश्न (तासगाव) : २०१२ च्या ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’ या दुसऱ्या क्रॉसओव्हर गेमवर एवढा राग का होता?

डिस्कवर १२ पात्रे आधीच भरलेली होती, पण ती कुलूपबंद ठेवून नंतर वेगळे पैसे घेऊन देण्याचा बेत होता. हे उघड झाले आणि लोक बिथरले. घर विकून माळ्याची किल्ली वेगळ्या दराने देण्यातला हा प्रकार. लढतीतल्या उणिवा, विशेषतः वेळ संपूनच निकाली लागणारे कंटाळवाणे सामने, या गदारोळात झाकल्या गेल्या.

प्रश्न (सातारा) : नव्या गेमचे परीक्षण वाचून निर्णय घ्यावा की काही वर्षे थांबावे?

परीक्षण लिहिणाऱ्याला थोडेच दिवस मिळतात. त्यात कथा, चित्रण, ऑनलाइन जोडणी यांचा अंदाज येतो; लढतीची खोली मात्र हजारो सामन्यांनंतर कळते. दुसऱ्या ‘मार्व्हल विरुद्ध कॅपकॉम’चे जॅझ संगीत पूर्वी चेष्टेचा विषय होते, आज तेच जुन्या खेळाडूंच्या ओठांवर असते. उलट ‘इन्फिनिट’ला वर्षभरात २०१८ च्या ‘इव्हो’ या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेच्या मुख्य यादीतही जागा मिळाली नाही. त्या वर्षी जानेवारीत आलेल्या ‘ड्रॅगन बॉल फायटर-झी’ या दुसऱ्या फायटिंग गेमने सगळ्यांचे लक्ष वेधून घेतले होते. पुढे चाहत्यांनीच संगणकावरील आवृत्तीसाठी मॉड (चाहत्यांनी केलेले फेरबदल) तयार करून गेमचे रूप पालटले, आणि ज्यांनी पूर्वी नाक मुरडले होते त्यांतले कित्येक परत खेळू लागले. म्हणून परीक्षणातील आकडा बाजूला ठेवावा आणि लेखकाने नेमके काय मोडून पाहिले आहे, ते शोधावे.

प्रश्न (कुपवाड, एक आई) : तेरा वर्षांच्या मुलाला ‘इन्फिनिट’ हवा आहे. गुण कमी आहेत, घ्यावा का?

ताई, अमेरिकी मानांकनाप्रमाणे हा गेम १३ वर्षांपुढील मुलांसाठी आहे, त्यामुळे वयाची अडचण नाही. घरात भावंड किंवा शेजारचा मित्र असेल आणि दोन कंट्रोलर असतील तर मुलगा रमेल. एकट्याला कथा दोन-तीन दिवसांत पुरेशी होईल. माझा कल मात्र २०२४ मध्ये आलेल्या जुन्या गेमच्या संग्रहाकडे आहे. त्यात या मालिकेतील सहा फायटिंग गेम आणि ‘द पनिशर’ असे सात खेळ आहेत, आणि त्याने ज्यांच्यासाठी हट्ट धरला असेल ते एक्स-मेनही त्यातच सापडतील.