बंद कोळसा खाणींच्या जमिनीवरचे काम: मुलीने हे क्षेत्र निवडावे का?

आपले पत्र मिळाले. आपली कन्या बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला वनस्पतिशास्त्र शिकते आहे आणि बंद झालेल्या कोळसा खाणींच्या जमिनीवर पुन्हा झाडोरा उभा करण्याच्या कामात तिला जायचे आहे. खाणच बंद झाल्यावर पगार कोण देणार आणि झाडे लावायला पदवी कशाला हवी, या आपल्या दोन शंका आहेत. दुसरीपासून सुरुवात करतो, कारण पहिलीचे उत्तर तिच्यातच दडलेले आहे.

उघड्या खाणीत कोळशावरची माती आणि खडक काढून बाजूला रचतात; त्या ढिगाला डंप म्हणतात. त्यात खोलवरचा, पूर्वी कधी हवा न लागलेला खडक असतो आणि त्यात पायराइट (लोह आणि गंधकाचे खनिज) असेल, तर हवा-पाण्याच्या संपर्काने आम्ल तयार होऊन सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) तीनच्याही खाली उतरू शकतो. अशा जागी कितीही पाणी घातले तरी रोप तगत नाही. म्हणून कोणता खडक किती आम्ल सोडील आणि त्यावर चुनखडी किती लागेल, हा हिशेब रोपे आणण्याआधी प्रयोगशाळेत मांडावा लागतो.

त्याहून अवघड प्रश्न जमीन दाबण्याचा आहे. अमेरिकेत 1977 च्या कायद्याने खाण कंपन्यांवर जमीन जवळपास मूळ चढउतारावर आणण्याचे बंधन आले. त्यासाठी अवजड यंत्रांनी भराव दाबून सपाट केले गेले, त्यावर दाट गवत पेरले गेले आणि पुष्कळ ठिकाणी झाडे मात्र खुरटली. अशा जमिनीतले रोप उपटून पाहिले, तर त्याचे मूळ वीतभर खाली जाऊन काटकोनात वळलेले आणि घट्ट थरावर आडवे पसरलेले दिसते. अ‍ॅपलाचिया या अमेरिकेच्या पूर्वेकडील डोंगराळ भागातील वनशास्त्रज्ञांनी पुढे सुचवले की वरचा सुमारे 1.2 मीटरचा थर सैल ठेवावा आणि गवतही झाडांना जागा देणारे निवडावे. अशी जमीन ओबडधोबड दिसते, पण झाडे तिच्यातच वाढतात.

तरीही सगळा डंप सैल सोडता येत नाही. वेल्समधील अ‍ॅबरफान येथे 21 ऑक्टोबर 1966 रोजी झऱ्यावर रचलेला खाणीच्या टाकाऊ मालाचा ढीग घसरून शाळेवर आणि घरांवर आला. 144 जण दगावले आणि त्यांत 116 मुले होती. उताराला स्थैर्य हवे, पाण्याला वाट हवी आणि मुळांना सैल माती हवी. या तिन्ही गरजांचा मेळ घालण्यासाठीच शिकलेले माणूस लागते.

आता पगाराविषयी. अनेक देशांत खाणकामाच्या परवान्याबरोबरच कंपनीकडून अनामत रक्कम किंवा हमी घेतात आणि जमीन ठरलेल्या निकषांना उतरेल तशी ती हमी टप्प्याटप्प्याने मोकळी करतात. अमेरिकी कायद्यात लागवडीनंतर कंपनीची जबाबदारी किमान पाच वर्षे, तर कोरड्या भागात दहा वर्षे राहते. म्हणजे खाण चालू असतानाच सुरू होणारे हे काम ती बंद पडल्यावरही बराच काळ चालते. जर्मनीतील लुसाटियात 1990 नंतर बंद पडलेल्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाणींच्या खड्ड्यांत तलाव तयार केले आहेत आणि त्यांतील काहींचे आम्ल उतरवण्यासाठी बोटींतून चुना सोडावा लागतो. खाण कंपन्यांचे पर्यावरण विभाग, सल्लागार संस्था, नियामक यंत्रणा आणि संशोधन संस्था येथे ही कामे मिळतात. सुरुवातीच्या जागा बहुधा कंत्राटी आणि वस्तीपासून दूर असतात, हे मात्र आपण दोघांनी आधीच स्वीकारावे.

माझा स्पष्ट सल्ला असा, की तिने पदव्युत्तर शिक्षणासाठी सर्वसाधारण पर्यावरणशास्त्रापेक्षा मृदाशास्त्र घ्यावे आणि जोडीला भूजलशास्त्राचा एखादा विषय, संख्याशास्त्र व उपग्रह-चित्रांचे वाचन शिकावे. झाडे ती ओळखतेच; उणीव माती आणि पाण्याच्या ज्ञानाची आहे.

या सुट्टीत तिला एक प्रयोग करू द्या. दोन्ही बाजूंनी उघडा डबा पायवाटेवरच्या घट्ट जमिनीत दोन बोटे रुतवून त्यात लिटरभर पाणी ओतावे आणि ते मुरायला लागलेली मिनिटे लिहावीत. मग तेच झाडाखालच्या भुसभुशीत मातीत करावे. दोन्ही जागी पाच-पाच वेळा मोजून झाल्यावर तिने आपली वही मला पाठवावी. कोणत्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम घ्यावा, हे त्यानंतर तिच्याशीच बोलेन.