आराखड्याआधी पाण्याचा हिशेब

प्रिय,

सप्रेम नमस्कार. प्रादेशिक आराखड्याचं काम तुझ्याकडे आल्याचं कळलं. सोबतची यादीही वाचली. त्यात हरित विकासाचे प्रकल्प एका पानावर आहेत आणि हवामान-सुरक्षेचे दुसऱ्या पानावर. आधी ही दोन पानं एकत्र कर. सौर प्रकल्प, औद्योगिक वसाहत, जैवइंधनाची पिकं, वनीकरण, पुराचं पाणी पसरायला ठेवलेली मोकळी जागा, या सगळ्यांचा डोळा त्याच जमिनीवर आणि त्याच पाण्यावर असतो. हा झगडा एकेका गावाला पुरता दिसत नाही आणि देशाच्या आकड्यांत तो विरून जातो. तो मिटवायची जागा म्हणजे प्रदेश.

नकाशावर पहिली रेघ पाणलोट क्षेत्राची ओढ, प्रशासकीय हद्द त्यावर टाक. नदीचा वरचा भाग तुमच्या अखत्यारीबाहेर असेल तर तिकडून किती पाणी येईल असं धरलं आहे, ते आराखड्यात स्पष्ट लिही. नाहीतर वर धरण झालं की तुमचं अख्खं गणित कोसळेल आणि नेमकं काय चुकलं हेही कोणाला सांगता येणार नाही.

मग पाण्याचा ताळेबंद. तो महिनावार हवा. वार्षिक सरासरीत कोरडे महिने लपतात. आणि बेत सरासरी वर्षावर आखू नकोस, दहापैकी आठ वर्षं तरी मिळेल तेवढंच पाणी हिशेबात धर. उचललेलं पाणी आणि खरोखर संपलेलं पाणी, म्हणजे वाफ होऊन गेलेलं, परत न येणारं, यांचे रकाने वेगळे ठेव. बरीच गफलत इथेच होते. ठिबक सिंचनाने दर हेक्टरी उपसा कमी होतो, पण पूर्वी शेतातून झिरपून भूजलात परतणारं पाणीही कमी होतं. ‘वाचलेल्या’ पाण्यावर शेतकरी क्षेत्र वाढवतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही. एकूण उपशावर मर्यादा नसेल तर ठिबकचं अनुदान वाटूनही भूजलपातळी खालीच जाते. हरित हायड्रोजन, म्हणजे सौर-पवन विजेने पाण्यापासून काढलेलं हायड्रोजन इंधन, हेही पाणी खातं. एका किलोसाठी नुसत्या रासायनिक क्रियेलाच सुमारे 9 लिटर शुद्ध पाणी लागतं. शुद्धीकरण आणि थंड करायला लागणारं पाणी त्याहून निराळं. गवताळ माळावर झपाट्याने वाढणारी झाडं लावली तर कार्बन शोषला जाईल, पण खालच्या ओढ्याचं पाणी घटेल. म्हणून यादीतल्या प्रत्येक प्रकल्पापुढे दोन आकडे लिहायला लाव: किती हेक्टर आणि कोरड्या महिन्यात किती घनमीटर.

पावसाची आकडेवारी किमान 30 वर्षांची घे. हवामानाच्या सरासरीसाठी 1991 ते 2020 हा सध्याचा प्रमाण कालखंड आहे. दैनंदिन नोंदींवर दुष्काळाचा अभ्यास होतो, शहरी पुराचा होत नाही. त्यासाठी तासाच्या किंवा त्याहून बारीक नोंदी लागतात. एक गणित स्वतः करून बघ. 100 हेक्टर माळरानावर औद्योगिक वसाहत होणार आहे. तासाभरात 60 मिलिमीटर पाऊस पडला तर एकूण पाणी 60,000 घनमीटर. माळावरून त्यातलं समजा 30 टक्के वाहून जात होतं, छपरं आणि काँक्रीट झाल्यावर 80 टक्के जाईल. म्हणजे सेकंदाला सरासरी 5 घनमीटर वाहायचे तिथे 13 हून जास्त. जादा आलेले 30,000 घनमीटर थोपवायला 2 मीटर खोल, दीड हेक्टरचं तळं पुरतं, म्हणजे वसाहतीची दीड टक्का जमीन. भूखंड पाडण्याआधी ती मागितली तर मिळते, नंतर मागितली तर खालच्या वस्तीत भिंती बांधत बसावं लागतं. (हे ढोबळ गणित लहान क्षेत्रापुरतंच, अख्ख्या नदीखोऱ्याला लावू नकोस.)

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोग सभेत टाळ. लोकांना वाटतं, नुकताच येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही. खरं तर दर वर्षी 1 टक्का शक्यता, म्हणजे 30 वर्षांत किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के. घराचं कर्ज फिटेपर्यंतचा काळ साधारण तेवढाच असतो, हे सांगितलं की लोक ऐकतात. त्यातही तापमान 1 अंशाने वाढलं की हवेची बाष्प धरून ठेवायची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, तेव्हा जुन्या नोंदींवरचा हा 1 टक्काही आता कमीच धरलेला असू शकतो.

भविष्यासाठी एकाच हवामान प्रारूपावर, म्हणजे पुढचं हवामान वर्तवणाऱ्या संगणकीय गणितावर, विसंबू नकोस. अनेक प्रारूपांची वरची आणि खालची मर्यादा घे आणि दोन्हींत टिकणारी कामं आधी उरक. महागडी कामं टप्प्यांत ठेव. लंडनच्या थेम्स खाडीसाठी 2012 साली आलेल्या आराखड्याची पद्धत पाहण्याजोगी आहे: समुद्रपातळीसारख्या निर्देशकांवर सतत नजर ठेवायची आणि त्यानुसार पुढचा निर्णय कधी घ्यायचा ते ठरवायचं. त्यात काम उभारायला लागणारी वर्षंही आधीच वजा करायची. दहा वर्षांत बांधून होणाऱ्या बांधाचा निर्णय पाणी उंबऱ्याशी आल्यावर घेऊन उपयोग नाही.

उष्णतेच्या नकाशावर दुपारच्या कमाल तापमानाइतकंच रात्रीच्या किमान तापमानाकडे बघ. शरीराला रात्री उसंत मिळाली नाही की आजार आणि मृत्यू वाढतात. पत्र्याची दाट वस्ती, एकटे राहणारे वृद्ध, उन्हातले मजूर हे थर त्याच नकाशावर हवेत.

पैशाचं थोडक्यात. प्रत्येक कामापुढे कोणतं खातं, कोणत्या वर्षीची तरतूद आणि देखभाल कोणाकडे, हे लिहिलेलं नसेल तर ते काम यादीतून काढ. तळ्यांचा गाळ कोण काढणार हा प्रश्न हटकून राहून जातो. गाळ साचला की साठवण घटते आणि वर काढलेलं 30,000 घनमीटरचं गणित कागदावरच राहतं. प्रगती मोजताना लावलेली रोपं मोजू नकोस, तीन वर्षांनी जगलेली झाडं मोज. बांधलेले बंधारे मोजण्यापेक्षा उन्हाळ्याअखेरची विहिरींची पातळी मोज, तीही दरवर्षी त्याच विहिरींची.

पहिला मसुदा पाठवशील तेव्हा महिनावार ताळेबंद आधी पाठव. रंगीत नकाशे नंतर बघू.

तुझा हितचिंतक