इंग्रजीतल्या ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्या कुठून वाचायला घ्याव्यात? मी ख्रिस्ती नाही, तरी परीक्षण लिहू का?

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग सोपा आहे. दुसऱ्याने मात्र मला रात्री साडेअकराला लिहायला बसवलं. तुम्ही विचारलंय, "मी ख्रिस्ती नाही. अशा पुस्तकाबद्दल वाईट लिहिलं तर कुणाची श्रद्धा दुखावेल का? की चांगलं तेवढंच लिहावं?" हे 'चांगलं तेवढंच लिहावं' मला माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीने फोनवर ऐकवलं होतं. आणि मी तर नगरच्या ख्रिस्ती घरातली, आजोबा चर्चचे पाळक म्हणजे धर्मगुरू, रविवारची शाळा कधी न चुकवलेली. तेव्हा परकं असण्याचा आणि याचा काही संबंध नाही, हे आधी डोक्यातून काढून टाका.

पुस्तकं सांगते. जॅनेट ओक या कॅनेडियन लेखिकेची 'लव्ह कम्स सॉफ्टली' घ्या, १९७९ ची. आज या प्रकारातली जी पुस्तकं ढिगाने दिसतात, त्यांची वाट हिने पाडली असं मानतात. पश्चिमेकडे निघालेल्या मार्टीचा नवरा वाटेतच जातो. पोटात मूल, जवळ काही नाही. क्लार्क नावाचा विधुर शेतकरी तिला म्हणतो, माझ्या लेकीला आई हवी आहे, नावापुरतं लग्न कर. वसंतात पूर्वेकडे परत जायचं ठरवलंस तर गाडीभाडं मी देतो. तिथून पुढची ही गोष्ट. दुसरी फ्रान्सीन रिव्हर्स यांची 'रिडीमिंग लव्ह'. बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याची आणि त्याला सोडून जाणाऱ्या त्याच्या बायकोची, गोमेरची, कथा त्यांनी १८५० च्या कॅलिफोर्नियात, सोनं शोधायला उसळलेल्या गर्दीत नेऊन ठेवली आहे. १९९१ मध्ये ती साध्या व्यावसायिक प्रकाशनाकडून आली, १९९७ मध्ये ख्रिस्ती प्रकाशनाने थोडी बदलून काढली. लहानपणीच विकल्या गेलेल्या मुलीची गोष्ट आहे, मन घट्ट करून वाचा. नायक तिला पुन्हा पुन्हा घरी घेऊन येतो, त्यात प्रेम किती आणि जबरदस्ती किती, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

स्वस्तात हवी असतील तर हार्लेक्विनची 'लव्ह इन्स्पायर्ड' मालिका १९९७ पासून चालू आहे. छोटी पुस्तकं, दोन बसप्रवासांत संपतात, पुण्यात किलोवर पुस्तकं विकतात तिथे हमखास मिळतात. मुखपृष्ठावर पांढऱ्या टोपीतली मुलगी दिसली की ती अमिश या जुन्या, साध्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांवरची, बहुधा पेनसिल्व्हेनियातली. मला त्या चार-पाचच्या पुढे गेल्या नाहीत.

आता मुद्द्यावर येते. या पुस्तकांत दारू नाही, शिवी नाही, शयनगृहाचं दार बंद, हे तुम्हाला माहीत असेलच. खरा नियम वेगळाच आहे. बायबलमध्ये करिंथकरांस दुसऱ्या पत्रात सहाव्या अध्यायात विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड होऊ नका अशा अर्थाचं वचन आहे. त्यामुळे शेवटच्या पानावर लग्न व्हायचं तर तोवर दोघंही विश्वासणारे झालेले असावे लागतात. नायक नास्तिक किंवा देवावर रुसलेला असला, की दहाव्या पानावरच कळतं की पाऊण पुस्तक झाल्यावर याच्यावर काहीतरी कोसळणार. घोड्यावरून पडेल, पूर येईल, लेकराला ताप चढेल. मग एक प्रार्थना, अश्रू आणि पुढच्या प्रकरणात देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा. मी सोळा वर्षं या पुस्तकांची परीक्षणं लिहिली. दर वेळी आधी हा सांधा तपासला. तो सांधा कच्चा असेल तर बाकीची भाषा कितीही गोड असो, माझ्या लेखी पुस्तक पडलं.

हे मला इतकं का लागतं तेही सांगते.

१९९१ साली मी एका हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं. स्पेशल मॅरेज अॅक्टखाली तीस दिवसांची नोटीस लागते. ती कचेरीच्या फळ्यावर चिकटवतात. आमच्या देवळातल्या कुणीतरी ती वाचली आणि चौथ्या दिवशी घरी कळलं. आईबाबा रडले, पण सहीला आले. ताई आली नाही. दोन महिन्यांनी ती माझ्या भाड्याच्या खोलीवर आली, चहा अर्धा ठेवून उठली आणि पिशवीतून एक कादंबरी काढून माझ्या हातात दिली. तिच्या शाळेतल्या जुन्या मिशनरी मॅडमनी जाताना दिलेली, कणा सुटायला आलेली. शेवटच्या प्रकरणाच्या पानाचा कोपरा तिने दुमडून ठेवला होता. म्हणाली, "हे बघ. असंच होतं. तू धीर धर आणि प्रार्थना करत राहा."

मी ती एका रात्रीत वाचली. दुमडलेल्या पानावर नवरा गुडघे टेकतो.

माझ्या नवऱ्याने गुडघे टेकले नाहीत. तो गेली तेहतीस वर्षं दर रविवारी मला उपासनेला सोडतो आणि बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर रविवारची पुरवणी वाचत बसतो. नाताळात चांदणी तोच टांगतो. माझ्या करंज्या तेलात फुटतात म्हणून तळायला तोच उभा राहतो, बाह्या दुमडून, एकेक करंजी झाऱ्याने तेलाखाली दाबत. रेव्हरंड ना. वा. टिळकांची निम्मी ख्रिस्ती भजनं त्याला नुसती ऐकून पाठ आहेत. बाप्तिस्मा घ्यावासा वाटला तर तो घेईल, नाही वाटला तर नाही. ताई मात्र दर एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत त्याचं नाव घेऊन प्रार्थना करते, आणि संपल्यावर मला फोन करून सांगते की केली.

पुढे परीक्षणं लिहायला लागल्यावर एका अमेरिकन प्रकाशनाकडून छापण्याआधीची प्रत वाचायला आली. टेक्सासमधला गुरांचा मळा, विधुर मालक, गावात नवीन आलेली शिक्षिका. विहीर खणण्याचं एक प्रकरण सुंदर होतं, मातीचा रंग बदलत जातो ते सगळं. मग दोनशे चाळिसाव्या पानाच्या आसपास तो घोड्यावरून पडला, शुद्धीवर येताच देवाला शरण गेला, आणि बाईने तिथल्या तिथे होकार दिला. मी दोन तारे दिले आणि लिहिलं की या माणसाला देव भेटला नाही, पानं संपत आली म्हणून भेटवला. हेही लिहिलं की या बाईचं त्याच्यावर आधीच प्रेम होतं, ते लेखिकेने जवळजवळ अडीचशे पानं लपवलं आणि त्याने प्रार्थना केल्याचं बक्षीस म्हणून शेवटी हातात ठेवलं.

ताईची मुलगी माझं लिखाण तिला वाचून दाखवायची. त्याच रात्री फोन आला.

"तू त्या पुस्तकावर लिहिलंच नाहीस. माझ्यावर लिहिलंस."

मी म्हटलं, तसं नाही.

"एखाद्या बाईचा नवरा विश्वासात नसेल, तिला हे वाचून धीर आला असता. तू तिला अडखळण झालीस. चांगलं तेवढंच लिहावं, नाहीतर गप्प बसावं."

तेव्हा मी गप्प बसले. तेव्हा सुचलं नाही ते आज लिहिते.

पहिली गोष्ट, ज्या पुस्तकाला या प्रकाराचं मूळ मानतात, त्यातच हा नियम मोडलेला आहे. क्लार्क श्रद्धावान आहे, मार्टी लग्नाच्या वेळी मुळीच नाही. तरी तो लग्न करतो. तिला देव कळतो तो रोजच्या कामात, स्वयंपाक शिकताना, लेकरांची तोंडं धुताना. तो तिच्या मागे लागत नाही. ताईने हे पुस्तक चार वेळा वाचलंय आणि ही साधी गोष्ट तिच्या नजरेतून सुटली, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरी आपल्याच घरातली. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या परत आल्या त्या हिंदू म्हणूनच, आणि बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये. लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्रात, 'स्मृतिचित्रे'मध्ये, हे सगळं आहे, भांडणं, अबोले आणि स्वयंपाकघरासकट. पाच वर्षं! मराठी ख्रिस्ती माणसाच्या घरात विश्वास आणि संसार यांची इतकी मोठी प्रेमकथा पडलेली असताना घोड्यावरून पडून झालेलं धर्मांतर मी खरं कसं मानू? ताई, तुला धीर देणारं पुस्तक हवं होतं तर हे द्यायचं होतंस मला.

आणि कुणी म्हणेल की ही अमेरिकन पुस्तकं आपल्याला परकी, तर बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात आणि ती एका ख्रिस्ती माणसाने लिहिली आहे. शेवटी यमुना विधवा होते, ख्रिस्ती होते, ख्रिस्ती माणसाशी पुनर्विवाह करते. म्हणजे हा साचा आपल्याकडे जुनाच. पण ती वाचून मनात राहतात त्या प्रवासात भेटणाऱ्या विधवा. त्यांचं दुःख धर्मांतराच्या सोयीसाठी आणलेलं वाटत नाही, ते त्यांचं स्वतःचं आहे. हाच फरक परीक्षणात पकडायचा असतो.

तो पकडला नाही तर काय होतं तेही बघा. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेने धार्मिक विभागातलं बक्षीस अशा कादंबरीला दिलं जिची सुरुवात १८९० च्या वूंडेड नी इथल्या हत्याकांडाने होते. तिथे लष्कराने लकोटा या मूळ अमेरिकन जमातीच्या बायकापोरांनाही मारलं होतं. कादंबरीचा नायक त्याच लष्करातला, पुढे पश्चात्ताप करून देवाकडे वळणारा. वाचकांनी हरकत घेतल्यावर बक्षीस मागे घेतलं. मेलेली माणसं नायकाच्या पश्चात्तापाची पायरी म्हणून वापरली गेली, हे परीक्षकांना दिसलं नव्हतं. 'चांगलं तेवढंच' बघायची सवय लागली की असं होतं. श्रद्धा दुखावते ती खोट्या साक्षीने. परीक्षणाने नाही.

तेव्हा तुम्ही बेधडक लिहा. ख्रिस्ती नसल्याचा एक फायदाच आहे. आम्हाला ओळखीचं वचन दिसलं की डोळे भरून येतात आणि लेखिकेला आयती सूट मिळते. तुमच्याकडे ती सूट नाही, तुम्हाला गोष्टीनेच पटवावं लागेल. एवढंच विचारा की प्रार्थनेचं ते पान फाडून टाकलं तर ही दोघं एकमेकांवर प्रेम करतात का, आणि करत असतील तर ते पान तिथे कशाला हवं होतं. 'स्वच्छ पुस्तक' एवढ्यावर तारे देऊ नका. पुस्तक फुकट मिळालं असेल तर पहिल्याच ओळीत सांगा, अमेरिकेत २००९ पासून तसं सांगण्याचा नियमच आहे. मराठीत लिहिणार असाल तर फारच उत्तम, कारण या पुस्तकांवर मराठीत माझ्या तरी वाचनात काही आलेलं नाही, आणि आमच्या महिला मंडळातल्या निम्म्या बायका ती चोरून वाचतात.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. काही माणसं खरंच एका क्षणात बदलतात. बायबलमधला पौल, आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा, दिमिष्काच्या म्हणजे दमास्कसच्या वाटेवर बदलला, आमच्या पणजोबांचंही एका सभेत झालं असं घरात सांगतात. म्हणून झटक्यात झालेलं प्रत्येक परिवर्तन खोटं धरू नका, फक्त लेखिकेने ते कमावलंय का एवढं बघा. आणि टेक्सासच्या त्या पुस्तकाला विहिरीच्या प्रकरणासाठी तिसरा तारा द्यायला हवा होता. दवाखान्यात आईच्या उशाशी अकरा रात्री बसले तेव्हा मीही अशीच पुस्तकं वाचत होते, शेवट ठाऊक असलेली. त्या वेळी तीच हवी होती. त्यामुळे ताई अगदीच चुकली होती असं मी म्हणणार नाही.

२०२० च्या टाळेबंदीत पेपर बंद होता तेव्हा नवऱ्याने माझ्या कपाटातून क्लार्क आणि मार्टीचं पुस्तक काढलं. गॅलरीत बसून चार दिवसांत वाचलं. मिटून म्हणाला, "चांगला गडी आहे. सकाळी उठून आपल्या कामाला लागतो, तिच्या मागे लागत नाही." मी सोळा वर्षांत त्या पुस्तकावर इतकं नेमकं लिहिलं नव्हतं. रात्री ताईला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पुढचा भाग आहे माझ्याकडे. गाड्या सुरू झाल्या की पाठवते."

नोव्हेंबरात भाच्याबरोबर आला. मी आधी पानं चाळून पाहिली. कोपरा कुठेच दुमडलेला नव्हता.