डिफेन्सिव्ह लाइनवर उभं राहणाऱ्या मुलास पत्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

अमेरिकन फुटबॉलसाठी कॉलेजची स्कॉलरशिप मिळाल्याचं तुझ्या आईकडून कळलं. मनापासून आनंद झाला. आईच्या आवाजात मात्र काळजीही होती. "आता खेळ की अभ्यास?" हा आपल्या घरांतला जुना प्रश्न तिने मला विचारला. मी तिला ॲलन पेजची गोष्ट सांगितली. तीच तुला लिहितो आहे, कारण तू ज्या जागेवर खेळतोस त्याच डिफेन्सिव्ह टॅकलच्या, म्हणजे बचावफळीच्या मधल्या जागेवर तो खेळला, आणि त्या जागेवरून आयुष्य किती लांब जाऊ शकतं हे त्याने दाखवून दिलं.

पेज ओहायोतल्या कँटनचा. तिथे प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमची इमारत उभी राहत होती तेव्हा शाळकरी वयात त्याने त्या बांधकामावर काम केलं. 1988 मध्ये त्याच हॉलमध्ये त्याचा समावेश झाला. 1966 च्या नोटर डेम विद्यापीठाच्या राष्ट्रीय विजेत्या संघात तो होता आणि पुढच्याच वर्षी मिनेसोटा वायकिंग्ज या व्यावसायिक संघाने त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलं. 1971 मध्ये असोसिएटेड प्रेस वृत्तसंस्थेने त्याला एनएफएल या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. तोवर हा मान एकाही बचावपटूला मिळाला नव्हता. त्यानंतरही तो एकट्या लॉरेन्स टेलरला मिळाला, 1986 मध्ये.

पेज काही अवाढव्य नव्हता. त्याची ताकद पहिल्या पावलात होती, म्हणून तुलाही तिथूनच सुरुवात करायला सांगेन. नजर चेंडूवर ठेव. क्वार्टरबॅक, म्हणजे समोरच्या संघाची चाल चालवणारा, ओरडताना मुद्दाम लय बदलतो, तू चेंडू हलण्याआधीच निघून ऑफसाइड व्हावंस म्हणून. तू सेंटरच्या, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्याच्या, हातातला चेंडू हलताना बघ आणि नीघ. पहिलं पाऊल छोटं, पुढे पडणारं. हात समोरच्याच्या हातांच्या आतून त्याच्या छातीवर, अंगठे वर. आणि कंबर त्याच्या कंबरेखाली. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद पोरांना हेच सांगत असतात: जो खाली राहतो तो उचलतो. तुझ्या शाळेत कुस्तीचा संघ आहे ना? मग उरलेलं वर्षभर तिथे जा. लाइनवर खेळणाऱ्याला दुसरा कुठला खेळ इतकं शिकवत नाही.

सेंटर आणि त्याच्या शेजारचा गार्ड दोघे मिळून अंगावर आले तर सॅकचा, म्हणजे क्वार्टरबॅकला पाडण्याचा, विचार सोडून दे आणि जागा धर. तू दोघांना अडकवलंस की तुझ्यामागचा लाइनबॅकर मोकळा होतो आणि चेंडूवाल्याला पाडल्याची नोंद त्याच्या नावावर लागते. दुसऱ्या दिवशीच्या आकड्यांत तू कुठेच नसतोस. सामन्याची फिल्म बघणाऱ्या कोचला मात्र सगळं दिसतं, आणि पुढच्या शनिवारी मैदानात कोण उतरणार हे तोच ठरवतो. या कामाचा तुला मनापासून अभिमान वाटायला हवा. तो वाटत नसेल तर ही जागा तुझी नाही.

उंचीची चिंता करू नकोस. याच जागेवर खेळणाऱ्या ॲरन डोनाल्डला सगळे बुटका म्हणत. 2014 मध्ये तेराव्या क्रमांकावर निवडला गेला आणि तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. जॉन रँडलला 1990 च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नाही. आज तोही हॉल ऑफ फेममध्ये आहे.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. पेज नोटर डेममधून पदवी घेऊनच बाहेर पडला. व्यावसायिक खेळाडू झाल्यावर त्याने कायद्याच्या शाळेत नाव घातलं आणि काही आठवड्यांतच सोडून दिलं. पेजची गोष्ट सांगणारे हा भाग बहुतेक वगळतात. मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. कारण काही वर्षांनी तो पुन्हा गेला, मिनेसोटा विद्यापीठात, वायकिंग्जकडून खेळत असतानाच, आणि 1978 मध्ये पदवी घेतली. त्याच वर्षी वायकिंग्जने त्याला काढून टाकलं. लांब पल्ल्याच्या धावण्याने त्याचं वजन फार उतरलं होतं आणि टॅकलच्या जागेवर तो टिकणार नाही, असं संघाला वाटलं. शिकागो बेअर्सने अवघे 100 डॉलर भरून त्याला घेतलं. तिथे तो 1981 पर्यंत खेळला. 1993 मध्ये तो मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती झाला, त्या न्यायालयातला पहिला कृष्णवर्णीय न्यायमूर्ती, आणि सत्तर वर्षांचा होईपर्यंत त्या खुर्चीवर होता.

तेव्हा दुसरं आयुष्य पहिलं चालू असतानाच सुरू कर. एनएफएलमध्ये नुसता निवृत्तिवेतनाचा हक्क मिळायलाही तीन मोसम जमा व्हावे लागतात, आणि अनेकांना तेवढे मिळत नाहीत. मी आयुष्यभर खेळाडूंच्या गुडघ्यांवर आणि खांद्यांवर काम केलं आहे. शरीर कधी थांबेल ते आधी सांगत नाही.

डोक्याबद्दल तर हात जोडून सांगतो. लाइनवर जवळजवळ प्रत्येक डावात आपटाआपटी होते. चक्कर, उजेडाचा त्रास, नाव न आठवणं, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी सांग, सामना कितीही चुरशीचा असो. भोवळ न आणणारे छोटे धक्केही वर्षानुवर्षं साठून मेंदूला इजा करतात, हे आता माहीत झालं आहे. म्हणून डोकं खाली घालून घुसायची सवय आत्ताच मोड.

पैशांचं थोडक्यात. 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. त्यावर कर लागतो, तो आधी बाजूला काढ. उद्या जास्त पैशांसाठी दुसऱ्या कॉलेजात जावंसं वाटलं, तर रकमेआधी विचार की तुझे किती क्रेडिट तिथे धरले जातील. दोनदा कॉलेज बदलून पदवीविना राहिलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि वाईट वाटतं.

नियमाप्रमाणे मोसमात आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास सराव. प्रत्यक्षात स्वतःहून बघायची फिल्म, बर्फाचे टब, प्रवास धरून कितीतरी जास्त वेळ जातो. म्हणून पहिल्या सत्रात प्रयोगशाळेचे दोन विषय एकदम घेऊ नकोस. एक वसंत सत्राकडे ढकल. अभ्यासाच्या सल्लागाराला ऑगस्टचा कॅम्प सुरू व्हायच्या आधी भेट, कारण नंतर वेळ मिळणार नाही. विषयांची यादी ठरली की मला पाठव, आपण फोनवर बसून वेळापत्रक लावू. आईलाही त्या फोनवर घे.

तुझा,
काका