'किती' आणि 'किती टक्के': जीवाणूंच्या समूहांवरची प्रश्नोत्तरे

प्रश्न: जीवाणू आपापसांत संदेश देतात असे वाचले. एका पेशीच्या जीवाला हे जमते कसे?

सगळा कारभार रसायनांवर चालतो. सर्वांत नीट उलगडलेले उदाहरण व्हिब्रिओ फिशरी या समुद्री जीवाणूचे. त्याच्यातले लक्स-आय नावाचे एन्झाइम एक छोटा रेणू थोडाथोडा बनवत राहते आणि तो रेणू पेशीच्या पटलातून सहज आतबाहेर जातो. उघड्या समुद्रात पेशी विरळ असतात, त्यामुळे तो पाण्यात पांगून जातो. बॉबटेल स्क्विडच्या प्रकाश देणाऱ्या अवयवात मात्र याच जीवाणूंची दाटी असते. तिथे रेणू साचतो, लक्स-आर या प्रथिनाला चिकटतो आणि प्रकाशाची जनुके चालू होतात. त्या जनुकांतच लक्स-आयचेही जनुक आहे, म्हणून एकदा सुरुवात झाली की रेणू आणखी वाढतो आणि अख्खा समूह जवळजवळ एकदमच उजळतो.

हे 1970 साली नोंदवले गेले. 'कोरम सेन्सिंग' हे नाव 1994 मध्ये आले. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठातल्या बॉनी बॅस्लर यांच्या कामातून दिसले की, काही संदेश एकाच प्रजातीपुरते असतात, तर एआय-2 सारखा संदेश अनेक प्रजाती वापरतात. एक गोष्ट मात्र बातम्यांतून गळते. रेणू किती साचेल हे केवळ डोकी किती यावर ठरत नाही. वाहत्या द्रवात तो धुऊन जातो. म्हणून तेवढ्याच पेशी एखाद्या खाचेत 'जागतात' आणि प्रवाहात गप्प राहतात.

प्रश्न: मग अँटिबायोटिकऐवजी हा संदेशच तोडणारे औषध का नाही?

कारण प्रत्येक जीवाणू त्या संदेशाचा वापर वेगळ्या कामासाठी करतो. स्युडोमोनास एरुजिनोसा गर्दी झाल्यावर घातक पदार्थ सोडतो. तिथे संदेश तोडणे फायद्याचे ठरू शकते. कॉलराच्या जीवाणूचे नेमके उलटे. तो संख्या कमी असताना विष आणि बायोफिल्म (पृष्ठभागाला चिकटलेला जीवाणूंचा थर) बनवतो आणि गर्दी झाल्यावर दोन्ही बंद करून पांगतो. त्याचा संदेश तोडला तर तो विष बनवतच राहील. स्टॅफिलोकोकस ऑरियसची संदेशाची यंत्रणा (एजीआर) दाबली तर विषे कमी होतात, पण बायोफिल्म जाड होऊ शकते. कॅथेटर किंवा कृत्रिम सांध्यावर ती नको असते.

'जीवाणू मरत नाही, म्हणून प्रतिकारही येणार नाही' हा दावाही तपासून घ्यावा. आत आलेला पदार्थ बाहेर फेकणारे पंप वाढवून अशा रसायनाला दाद न देणारे स्युडोमोनास प्रयोगशाळेत मिळालेले आहेत.

प्रश्न: शौचाच्या तपासणीत एक जीवाणू-गट 60 टक्क्यांवरून 40 वर आला. तो कमी झाला का?

एवढ्यावरून सांगता येत नाही. समजा, आधी 'अ' गटाच्या 6 कोटी पेशी होत्या आणि बाकीच्यांच्या 4 कोटी. 'अ' जिथल्या तिथे राहिला आणि बाकीचे 9 कोटी झाले, तर 15 पैकी 6 म्हणजे 40 टक्के. 'अ'ची एक पेशीही कमी झालेली नाही, तरी अहवालात त्याचा बाण खाली! डीएनए वाचणारे सिक्वेन्सिंग यंत्र ठराविक इतक्याच रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) देते, त्यामुळे एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा आपोआप घटतो.

दुसरी गफलत जनुकाच्या प्रतींची. ओळखीसाठी वाचले जाणारे 16एस जनुक काही जीवाणूंत एकदाच असते, ई. कोलायमध्ये 7 वेळा आणि काहींत 15 पर्यंत. रीड्सची टक्केवारी म्हणजे पेशींची टक्केवारी नव्हे. खरा आकडा हवा असेल तर सोबत क्यूपीसीआर (जनुकाच्या प्रती मोजणे) किंवा फ्लो सायटोमेट्री (पेशी एकेक करून मोजणे) लागते, नाहीतर डीएनए काढण्यापूर्वीच नमुन्यात आतड्यात न आढळणाऱ्या जीवाणूच्या मोजून घेतलेल्या पेशी टाकाव्या लागतात. अहवालात यातले काही नसेल तर दोन तपासण्यांची तुलना हात राखूनच करावी. फर्मिक्युटीस आणि बॅक्टेरॉयडीट्स या आतड्यातल्या दोन मोठ्या गटांच्या गुणोत्तरावरून वजनाचे निदान तर करूच नये. सुरुवातीच्या अभ्यासांत दिसलेला तो संबंध पुढच्या अनेक अभ्यासांत टिकला नाही.

प्रश्न: मी त्वचेच्या स्वॅबमधून 16एसचा व्ही3–व्ही4 भाग पीसीआरने (डीएनएच्या प्रती बनवून) वाढवते. 35 चक्रांनंतर नुसते पाणी घातलेल्या नळीतही जेलवर बँड (डीएनएचा पट्टा) येतो. किट खराब आहे का?

आधी बँड कुठे आहे ते बघा. 100 बेस-जोड्यांच्या खाली असेल तर ते प्रायमरच (प्रत सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) एकमेकांना चिकटलेले आहेत, भेसळ नव्हे. 460 च्या आसपास असेल (प्रायमरला सिक्वेन्सिंगची शेपटी जोडलेली असल्यास सुमारे 550) तर खरोखरच कुठल्या तरी जीवाणूचा डीएनए आत आला आहे.

भेसळ कुठून शिरते आहे ते शोधायला एक कोरी नळी पुरत नाही, तीन लागतात: फक्त पीसीआरचे पाणी; नमुन्याशिवाय अख्ख्या किटमधून नेलेली नळी; आणि नमुना घेतला तिथेच उघडून बंद केलेला कोरा स्वॅब. पहिलीतच बँड असेल तर दोष मास्टर मिक्स (पीसीआरचे तयार मिश्रण), प्रायमर किंवा टेबलाचा. पहिली स्वच्छ आणि दुसरी दूषित असेल तर डीएनए काढण्याच्या टप्प्याचा. फक्त तिसरीत आला तर स्वॅबचा किंवा त्या जागेचा.

पूर्ण निर्जंतुक किट मिळेल ही आशा सोडा. पीसीआरमध्ये प्रती बनवणारे एन्झाइम, टॅक पॉलिमरेज, बहुधा ई. कोलायमध्येच बनवतात, त्यामुळे त्याचा डीएनए थोडा सोबत येतो. किटच्या द्रवांत राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम असे पाण्या-मातीतले जीवाणू वारंवार सापडतात. 2014 च्या एका प्रयोगात शुद्ध साल्मोनेला टप्प्याटप्प्याने विरळ करत सिक्वेन्स केला. नमुना जितका विरळ, तितकी भेसळ वर, आणि शेवटी तीच बहुसंख्य! शौचाच्या नमुन्यात हा मळ लपतो, त्वचेच्या स्वॅबमध्ये उघडा पडतो. त्यातून स्वॅबमधला बराचसा डीएनए माणसाचाच असतो, म्हणून एकूण डीएनए भरपूर दिसला तरी फसू नका.

आता उपाय. 35 चक्रे जास्त आहेत; 25 ते 30 वर या. 10 जादा चक्रे म्हणजे तत्त्वतः हजारपट वाढ, भेसळीचीही. पीसीआरच्या आधीची आणि नंतरची जागा वेगळी ठेवा, फिल्टरच्या टिप वापरा, प्रायमर थोडेथोडे वेगवेगळ्या नळ्यांत गोठवा. टेबल हायपोक्लोराइटने (ब्लीचने) पुसा आणि मग पाण्याने पुसा. राहिलेले ब्लीच पीसीआर मारते. त्वचेचे नमुने शौचाच्या नमुन्यांसोबत एका प्लेटवर लावू नका, शेजारच्या वेलमधून (प्लेटवरच्या खळगीतून) गळती होते. सगळा अभ्यास एकाच लॉटच्या किटवर करा. रुग्ण आणि निरोगी यांचे नमुने प्रत्येक बॅचमध्ये मिसळून घ्या. सगळे रुग्ण सोमवारी आणि सगळे निरोगी मंगळवारी असे केले तर किटमधला फरक आजाराचा वाटेल.

कोऱ्या नळ्या जेलवर स्वच्छ दिसल्या तरी सिक्वेन्सिंगला पाठवाच. पण त्यांत सापडलेले प्रत्येक नाव आंधळेपणाने वगळू नका. शेजारच्या नमुन्यातला खरा स्टॅफिलोकोकसही तिथे शिंतोड्याने पोहोचतो. नमुन्यातला डीएनए कमी होताना ज्याचा वाटा वाढत जातो, त्याच्यावर संशय घ्यावा.

प्रश्न: अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर प्रोबायोटिक घ्यावे का?

सरसकट नाही. 2018 च्या एका अभ्यासात कोर्सनंतर प्रोबायोटिक घेतलेल्या निरोगी लोकांत आतड्यातला मूळचा समूह काहीच न घेतलेल्यांपेक्षा उशिरा परतला. अभ्यास लहान होता, पण 'फायदा नाही तरी तोटा काय' या म्हणण्याला तो पुरेसा धक्का आहे. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांनी किंवा मोठ्या शिरेत नळी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. प्रोबायोटिकमधले जीवाणू रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत.

प्रश्न: 96 वेलच्या प्लेटमध्ये क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाने बायोफिल्म मोजतो. एकाच जीवाणूचे आकडे दुपटीने वरखाली होतात.

बहुतेक वेळा घोळ धुण्यात असतो. पिपेटच्या धारेने धुतले की थर सुटतो. प्लेट उलटी करून झटका, पाण्याच्या टबात बुडवा, पुन्हा झटका. मग 0.1 टक्क्याचा रंग 125 मायक्रोलिटर, 10 ते 15 मिनिटे. तीन-चार वेळा धुऊन पूर्ण वाळू द्या. वेलमध्ये वाढीचे द्रव 100 मायक्रोलिटरच असावे, म्हणजे कडेवरचे वलयही रंगात बुडते. रंग 30 टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये उतरवा, तो द्रव नव्या सपाट तळाच्या प्लेटमध्ये घ्या आणि 550 नॅनोमीटरवर वाचा. जुन्याच प्लेटमध्ये वाचल्यास भिंतीवरचा डागही मोजला जातो. बाहेरच्या रांगांतले द्रव लवकर सुकते; तिथे नुसते पाणी भरा.

तुम्ही अँटिबायोटिकचा परिणाम पाहत असाल तर मात्र ही पद्धतच अपुरी आहे. मेलेल्या पेशी आणि भोवतालचा चिकट थरही तेवढाच जांभळा होतो. थर खरवडून, सोनिकेटरने (ध्वनिलहरींच्या यंत्राने) पेशी मोकळ्या करून, दहापटीने विरळ करत जीवाणू वाढवायच्या अगार प्लेटवर पसरा आणि 30 ते 300 वसाहती आलेल्या प्लेट मोजा. सोनिकेशनने पेशीच मरत नाहीत ना, हे आधी उपचार न केलेल्या नमुन्यावर वेगवेगळ्या वेळा देऊन पाहून घ्या.